स्पोर्ट्स कारसाठी नवीन बॅटरी घेताना काय काय बघायचं

माझ्याकडे पोर्श बॉक्सस्टर आहे, ९८७ म्हणतात ते मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, आणि ती पुण्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. मागच्या पावसाळ्यात सहा आठवडे तिला हातच लागला नाही, आधी पाऊस, मग घरात आजारपण, मग गणपती, आणि विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी खाली जाऊन रिमोट दाबला तर काहीच नाही, ना लाइट ना आवाज. बॅटरी पार बसली होती. आता ह्या गाडीत बॅटरी असते पुढच्या डिकीत आणि पुढची डिकी उघडते इलेक्ट्रिक लॅचवर, म्हणजे बॅटरी बसली की बॅटरीपर्यंत जायची वाटच बंद. ते कसं सोडवायचं ते पुढे सांगतो, पण त्यानंतर दोन आठवडे मी नवीन बॅटरी शोधत दुकानं फिरलो, एकदा चुकीची घेऊन परत केली, आणि त्यात जे जे कळलं ते एका ठिकाणी लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे, कारण ही माहिती मराठीत एकत्र कुठे मिळाली नाही मला.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीची बॅटरी वापराने संपते, आपली गाडी महिन्यातून दोनदा निघते, तिची बॅटरी उभ्या उभ्या मरते. दुकानदार मात्र आपल्याला रोजच्या गाडीचा हिशोब सांगतो, इंजिन मोठं आहे ना साहेब मग मोठी बॅटरी टाका, करंट जास्त मिळेल. आपला प्रश्न करंटचा नाहीच, गाडी न चालवता किती दिवस उभी राहू शकते हा आहे.

आकडे घालून बघा. गाडी लॉक करून उभी असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कंट्रोल युनिट्स हे थोडा थोडा करंट ओढतच असतात, ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते नॉर्मल धरतात. माझ्या गाडीत ४० च्या आसपास आला. म्हणजे दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर, बॅटरीत साठा किती आहे ते मोजायचं हे माप. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणजे ४० अँपिअर-अवर नुसते उभं राहून गेले, आणि वर बॅटरी आतल्या आत स्वतःहून डिस्चार्ज होते ते वेगळंच, आणि ते गरमीत जास्त होतं. बॅटरीवर ७० लिहिलेलं होतं पण ती चार-पाच वर्षं जुनी, तिच्यात खरे ७० कुठले उरलेत. त्यामुळे त्या रविवारी जे झालं ते होणारच होतं.

आधी बॅटरीच गेलीय ना ते बघा

नवीन बॅटरी घ्यायच्या आधी एक साधा मल्टिमीटर घ्या, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. साध्या पाण्याच्या बॅटरीला १२.६ च्या वर म्हणजे फुल, एजीएम (आत ॲसिड चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) असेल तर १२.८ च्या वर दाखवायला हवं, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली आली की ती जवळजवळ रिकामीच समजा. आणि चार्ज करूनही जर ती साडेदहाच्या आसपासच अडकून बसली तर बहुतेक एक सेल गेलाय, कारण आत सहा सेल असतात प्रत्येकी २.१ व्होल्टचे, एक गेला की साडेदहा उरतात. अशी बॅटरी कोणी रिपेअर करून देतो म्हणाला तरी नादाला लागू नका.

मग गाडी चालू करून परत बघा, १३.८ ते १४.७ च्या मधे काहीतरी यायला हवं. नाही आलं तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, किंवा वायरिंगचा आहे, नवीन बॅटरी टाकली तरी पंधरा दिवसांत तीही बसेल आणि तुम्ही बॅटरीवाल्याला शिव्या देत बसाल.

आणि तिसरं, गाडी उभी असताना कोण किती करंट ओढतंय ते मोजा. हे बरेच जण करत नाहीत आणि खरं तर हेच सगळ्यात उपयोगी आहे. मीटर अँपिअरवर लावून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या मधे जोडायचा, पण त्याच्याआधी बॉनेट आणि दार उघडं असेल तर त्यांचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल की सगळं बंद आहे, लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. थांबणं महत्त्वाचं, कारण कंट्रोल युनिट्स एकदम झोपत नाहीत, सुरुवातीला दोन-चार अँपिअर दिसतात आणि माणूस घाबरतो. मीटर लावलेला असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडतो. अर्ध्या तासानंतरही शंभर-दीडशे मिलिअँपिअर येत असतील तर चोर शोधा, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूतच सापडतो. पार्किंग मोडवाला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, डायग्नॉस्टिक सॉकेटमध्ये कायमचं खोचून ठेवलेलं ब्लूटूथचं डबडं, आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर. सेकंडहँड गाडीत तर नक्की बघा, आधीच्या माणसाने काय काय जोडून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं.

पुढची डिकीच उघडत नसेल तर

हे ज्यांच्याकडे बॉक्सस्टर, केमन किंवा त्या काळातली ९११ आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी पुढे गेलात तरी चालेल. पायाशी जो फ्यूज बॉक्स आहे त्याचं झाकण काढा, त्यात एक टर्मिनल असतं जे बाहेर ओढता येतं. ते ओढून दुसऱ्या एखाद्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह त्याला जोडायचं, निगेटिव्ह दाराच्या लॅचच्या लोखंडी भागाला किंवा बिजागरीला. गाडी लॉक असेल तर जोडल्याबरोबर हॉर्न वाजायला लागतो, दचकू नका, रिमोटने अनलॉक करा की थांबतो, मग डिकीचं बटण दाबा, उघडते. ह्या टर्मिनलवरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका, ते फक्त लॅचपुरतं आहे, सेल्फचा करंट त्याला झेपत नाही. आणि एकदा डिकी उघडली की नवीन बॅटरी बसून चालू होईपर्यंत ती बंद होणार नाही ह्याची काळजी घ्या, मी लॅचवर एक फडकं गुंडाळून ठेवलं होतं.

अजून एक, ह्या गाड्यांच्या दारांना काचेभोवती फ्रेम नसते, दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते. बॅटरी बसलेली असताना ती येत नाही, त्यामुळे दार हळू उघडा आणि जोरात आपटून लावू नका, काच वरच्या रबरात अडकते.

माप

आता मुख्य विषय. पहिलं माप, कारण चुकीच्या मापाची बॅटरी बाकी कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही. युरोपियन गाड्यांमध्ये बॅटरीची मापं ठरलेली असतात, रुंदी सगळ्यांची १७५ मिलिमीटर, उंची बहुतेक १९०, आणि लांबी बदलते. एच ५ म्हणजे २४२, एच ६ म्हणजे २७८, एच ७ म्हणजे ३१५ आणि एच ८ म्हणजे ३५३ मिलिमीटर. हीच मापं एल २, एल ३, एल ४, एल ५ ह्या नावानेही येतात, गोंधळू नका, वस्तू तीच. एजीएममध्ये साधारण ह्याच क्रमाने ६०, ७०, ८० आणि ९५ अँपिअर-अवर मिळतात. माझ्या गाडीला एच ६ बसते.

इथेच मी फसलो होतो. आपल्याकडे दुकानात ज्या डीन म्हणजे जर्मन मापाच्या बॅटऱ्या सर्रास मिळतात त्यातल्या बऱ्याच कमी उंचीच्या असतात, १७५ मिलिमीटर, काहींच्या नावात एलबी असतं. लांबी-रुंदी बघून मी घेतली, घरी येऊन ठेवली तर खाली छान बसली पण वरून जी पट्टी येते तिच्यात आणि बॅटरीत बोटभर फट. दुकानदार म्हणाला रबराचा तुकडा घाला साहेब, सगळे घालतात. नाही घातला, परत दिली. घाटात वळणावर जी गाडी आपण दाबतो तिच्यात वीस किलोचं वजन रबराच्या तुकड्यावर सोडून द्यायचं नसतं. ज्यांच्या गाडीत बॅटरी फक्त खालच्या कडेला क्लँपने धरलेली असते त्यांना उंचीने तेवढा फरक पडत नाही, पण मग ती खालची कड तशीच हवी, तिचाही आकार वेगवेगळा येतो. जपानी मापाच्या बॅटरीला ही कड नसतेच, म्हणून ती तशा ट्रेमध्ये घट्ट धरली जात नाही.

टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते बघा. ह्यासाठी एल-आर-झिरो-वन असली अक्षरं लक्षात ठेवत बसू नका, प्रत्येक कंपनी वेगळं लिहिते, सरळ जुन्या बॅटरीचा वरून फोटो काढा ज्यात टर्मिनल आणि लेबल दोन्ही दिसतील, आणि टेपने तिन्ही मापं घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा. पॉझिटिव्हचा खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो, १९.५ आणि १७.९ मिलिमीटर, छोट्या जपानी बॅटऱ्यांत दोन्ही त्याहून बारीक येतात, आणि मग मेकॅनिक पत्र्याचा तुकडा गुंडाळून केबल घट्ट करतो, तसलं काही करू देऊ नका, असा जोड तापतो आणि सैल होतो.

गॅसची नळी

ह्याच्यावर मला जरा थांबून बोलायचंय कारण दहापैकी दहा दुकानांत मला ह्याबद्दल कोणी विचारलं नाही. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, थोडा का होईना, आणि ओव्हरचार्ज झाली तर बराच. साध्या गाडीत बॅटरी बॉनेटखाली उघड्यावर असते, गॅस उडून जातो. स्पोर्ट्स कारमध्ये वजन मागेपुढे सारखं विभागायचं म्हणून बॅटरी डिकीत, सीटच्या मागे, पुढच्या काचेखालच्या बंद कप्प्यात अशी कुठेही टाकलेली असते. बीएमडब्ल्यू झी फोरमध्ये ती डिकीत आहे. माझदाच्या एमएक्स ५ म्हणजे मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्येही डिकीत होती, आणि कंपनी तिथे पहिल्यापासून पॅनासॉनिकची सीलबंद एजीएमच द्यायची, नळीसकट. अशा सगळ्या गाड्यांत बॅटरीच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात एक कोपरा म्हणजे काटकोनात वळलेला तुकडा आणि त्याला नळी, ती गाडीच्या खाली बाहेर निघते.

नवीन बॅटरीला ते भोक आहे का, ज्या बाजूला तुमची नळी येते त्या बाजूला आहे का, आणि दुसऱ्या बाजूचं भोक बुजवायचं बूच बॅटरीबरोबर आलंय का, हे तिन्ही बघून घ्या. जुनी बॅटरी दुकानात देऊन टाकायच्या आधी तिच्यातला तो प्लॅस्टिकचा कोपरा काढून खिशात घाला. तो बॅटरीबरोबर भंगारात गेला तर दुसरा मिळवायला फार फिरावं लागतं. एजीएम आहे म्हणजे गॅस येत नाही, नळीची गरज नाही, असं सांगणारे भेटतील, ते खरं नाही, एजीएमलाही प्रेशर व्हॉल्व्ह असतो आणि चार्जर किंवा अल्टरनेटर बिघडला तर त्यातून गॅस बाहेर येतोच. बंद डिकीत हायड्रोजन आणि शेजारी एक ठिणगी, ह्यात कंजुषी करू नका.

कुठल्या प्रकारची

साधी पाण्याची, ईएफबी, एजीएम आणि लिथियम. ज्या गाडीत कंपनीने एजीएम दिली होती तिच्यात एजीएमच टाका, हा साधा नियम. सिग्नलला इंजिन बंद होऊन परत चालू होणारी गाडी असेल तर त्यात दुसरा विचारच नको, साधी बॅटरी त्या माराने लवकर जाते. ईएफबी ही साध्याची सुधारलेली आवृत्ती, छोट्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांसाठी, आपल्या कामाला ती मधलीच होते, मी तरी तिच्यावर फार वेळ घालवला नाही.

जुनी गाडी असेल आणि कंपनीने साधीच दिली असेल तर? माझं मत, गाडी जास्त वेळ उभी असते तर एजीएम घ्या. त्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, त्यामुळे सांडत नाही, स्वतःहून कमी डिस्चार्ज होते, आणि एखाद्-दुसऱ्या वेळी खोल डिस्चार्ज झाली तर साध्यापेक्षा बरी सावरते. महाग आहे, साध्यापेक्षा बरीच महाग. पण एक अपवाद मनापासून सांगतो, बॅटरी जर इंजिनाला लागूनच असेल आणि तुम्ही नागपूर-अकोल्याकडे असाल जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तर एजीएमचा तेवढा आग्रह धरू नका. एजीएमला गरमी आणि ओव्हरचार्ज दोन्ही सोसत नाहीत, आतलं पाणी उडालं की वरून भरता येत नाही. तिथे चांगल्या कंपनीची साधी बॅटरीही तेवढीच टिकेल. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार कोणी अजून जपून ठेवली असेल, मला ती गाडी फार आवडते, तर तिच्या छोट्या इंजिनालाही साधी, योग्य मापाची बॅटरी पुरे.

आता लिथियम. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पोर्शनेच २०१० मध्ये ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडरला लिथियम बॅटरीचा पर्याय दिला होता, वजन ६ किलोच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून जास्त हलकी. पण त्याच वेळी कंपनी सोबत एक नेहमीची बॅटरीही देत होती, थंडीत वापरायला. आणि तिची क्षमता होती १८ अँपिअर-अवर. आता वरचा हिशोब लावा, दिवसाला १ जातो, म्हणजे अडीच आठवड्यांत सफाचट. रेसिंगसाठी ज्या छोट्या बॅटऱ्या मिळतात, ओडिसी पीसी ६८० वगैरे, ही लिथियम नाही, एजीएमच, ७ किलोची, १६-१७ अँपिअर-अवर, त्यांचंही तेच. ट्रॅकवर जाणारी गाडी असेल, आल्यावर रोज चार्जरला लागत असेल, तर जरूर घ्या, दहा-पंधरा किलो कमी करायचा ह्याहून सोपा रस्ता नाही. पण पार्किंगमध्ये जिथे प्लग पॉइंटच नाही तिथे ही बॅटरी म्हणजे दर महिन्याला डोकेदुखी. शिवाय लिथियमला तिचा स्वतःचा चार्जर लागतो, शून्याखाली थंडीत ती चार्ज करायची नसते, आणि आत संरक्षणाचं सर्किट असलेलीच घ्यायची, स्वस्तातली उघडी सेल जोडून केलेली नको.

सीसीए, अँपिअर-अवर आणि लेबलवरचे आकडे

सीसीए म्हणजे उणे १८ डिग्रीला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा. पुण्या-मुंबईत उणे १८ कधी येणार आहे? त्यामुळे ७६० च्या ऐवजी ८०० मिळतंय म्हणून जास्त पैसे देण्यात काही अर्थ नाही, कंपनीने सांगितलेल्याच्या खाली मात्र जाऊ नका, एवढं पुरे. हेच वाचणारा शिकागोत किंवा टोरांटोत असेल तर त्याच्यासाठी सीसीए खरोखर महत्त्वाचा, तिथे जानेवारीत जास्तच घ्या. आपल्याकडे अँपिअर-अवर बघा.

सीसीएचे आकडे कुठल्या पद्धतीने मोजलेत तेही बघा. ईएन म्हणजे युरोपियन, एसएई म्हणजे अमेरिकन आणि डीन म्हणजे जर्मन अशा तीन पद्धती लेबलवर दिसतात, आणि डीनचा आकडा ईएनच्या साधारण ६० टक्के येतो, बॅटरी तीच असली तरी. म्हणून जुन्या बॅटरीवर ४२० डीन लिहिलेलं असेल आणि नवीनवर ७०० ईएन, तर नवीन फार दमदार आहे असं समजू नका, दोन्ही साधारण सारख्याच आहेत.

मापात बसत असेल तर एक पायरी मोठी घ्यायला हरकत नाही, ट्रे लांब असेल आणि क्लँपला दुसरं भोक असेल तर एच ६ च्या जागी एच ७ बसते, दहा अँपिअर-अवर म्हणजे दहा दिवस जास्त. पण ज्या गाडीला बॅटरी कॉम्प्युटरवर नोंदवावी लागते तिथे नुसती बसवून चालणार नाही, ते खाली सांगतो.

तारीख

नवीन बॅटरीही दुकानात पडून पडून जुनी होते. प्रत्येक बॅटरीवर बनवल्याची तारीख किंवा कोड असतो, दुकानदाराला तो वाचून दाखवायला सांगा, नाही सांगितलं तर दुसरीकडे जा. मी तीन महिन्यांच्या आतली मागतो, सहा महिन्यांच्या वरची घेत नाही. आपल्या मापाच्या बॅटऱ्यांत हा त्रास जास्तच, कारण लहान गाडीच्या बॅटऱ्या रोज खपतात, एच ७ किंवा एच ८ एजीएम एखाद्या दुकानात वर्ष वर्ष पडून असते, वरचं प्लॅस्टिक चकचकीत आणि आत प्लेटवर सल्फेट बसलेलं. मीटर बरोबर न्या आणि दुकानातच व्होल्टेज बघा, नवीन एजीएम १२.६ च्या खाली दाखवत असेल तर नको म्हणा. मी असं केल्यावर एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा वैतागला, पण आतून मालक आला आणि त्याने गोडाऊनमधून दुसरी, ताजी आणून दिली.

कंपनीचं विचाराल तर एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन ह्या आपल्याकडच्या आणि बाहेरून येणाऱ्या वार्टा, बॉश, बॅनर ह्या सगळ्या चांगल्याच, तुमच्या गावात ज्याची सर्व्हिस जवळ आणि ज्याचा ताजा माल मिळतो ती घ्या. मी शेवटी वार्टाची ७० अँपिअर-अवर, ७६० सीसीएची एजीएम घेतली कारण मापाची आणि ताजी तीच मिळाली, त्यापलीकडे काही कारण नाही. वॉरंटीत दोन भाग असतात ते नीट विचारा, इतके महिने फुकट बदलून आणि त्यापुढचे महिने प्रो-राटा म्हणजे काही टक्के सूट. कार्डावर गाडीचा नंबर आणि शिक्का आहे का बघा. आणि आपल्या गाडीचं नाव वॉरंटीत बसतं का तेही विचारून घ्या, काही जण ठरावीक गाड्यांनाच देतात.

बसवताना

दहाचा आणि तेराचा पाना बहुतेक ठिकाणी पुरतो. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे, निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट, आणि हातात अंगठी असेल तर ती आधी काढा. केबलची टोकं गरम पाणी आणि खायचा सोडा लावून घासा, वाळू द्या, बसवल्यावर वरून थोडं व्हॅसलिन, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर नक्की, खाऱ्या हवेने टर्मिनल फार लवकर खराब होतात. घट्ट करताना जोर लावू नका, शिसं मऊ असतं, आणि ठोकून बसवणं तर अजिबात नको. नळी जोडली का, वरची पट्टी आवळली का, मग बॅटरी हाताने हलवून बघा, जराही हलता कामा नये.

बीएमडब्ल्यू आणि बऱ्याच नवीन जर्मन गाड्यांमध्ये बॅटरी बदलल्याचं गाडीला सांगावं लागतं, स्कॅनर लावून. गाडी बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्जिंग ठरवते, तिला वाटत राहतं अजून जुनीच आहे आणि ती नवीनला तसंच चार्ज करते. साधीच्या जागी एजीएम टाकली किंवा क्षमता बदलली तर तेही कोडमध्ये बदलायला लागतं. बाहेरचा चांगला गॅरेजवाला हे करून देतो, फक्त बॅटरी घ्यायच्या आधी त्याच्याकडे स्कॅनर आहे का ते विचारा. माझ्या ९८७ ला ह्यातलं काही लागत नाही.

बॅटरी जोडल्यावर इग्निशन चालू करून मिनिटभर तसंच ठेवा, मग स्टार्ट करा. काचा पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवा म्हणजे त्या आपली जागा परत शिकतात, हे दोन्ही दारांना. स्टॅबिलिटीचा दिवा लागला तर घाबरू नका, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा किंवा थोडं अंतर चालवा, जातो. जुन्या गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो, तो कागद आधी शोधून ठेवा, सेकंडहँडवाल्यांनो विशेष करून.

आणि चार्जर. बॅटरीच्या बजेटमध्येच त्याचे पैसे धरा, नंतर बघू म्हटलं की राहतं. चार-पाच अँपिअरचा स्मार्ट मेंटेनर घ्या ज्याला एजीएम मोड आहे, तो फुल झाल्यावर स्वतः कमी होतो आणि महिनोन्महिने लावून ठेवला तरी चालतो. त्यातला रिकंडिशनचा मोड, जो पंधरा-साडेपंधरा व्होल्टच्या वर जातो, तो गाडीत लावलेल्या एजीएमवर वापरू नका. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल तर चार्जरचं निगेटिव्ह सरळ टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, नाहीतर गाडीला कळतच नाही की बाहेरून चार्ज मिळाला. पार्किंगमध्ये पॉइंट नसेल तर सोसायटीला अर्ज करून सबमीटर लावून घ्या, आमच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटरवाले आधीच मागत होते म्हणून काम पटकन झालं. तेही जमत नसेल तर दर दहा-पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढा, पण नुसती चालू करून पाच मिनिटं उभी ठेवू नका, स्टार्टला गेलेलं आणि पंख्या-दिव्यांना लागणारं त्यात जेमतेम निघतं आणि इंजिनात ओल साठते ते वेगळंच. निदान पाऊण तास चालवा, लोणावळ्यापर्यंत जाऊन या. आणि महिनाभर गावाला जाणार असाल, प्लगही नसेल, तर डिकी लॅचवर फडकं ठेवून निगेटिव्ह काढून ठेवा, अलार्म बंद राहील त्यामुळे हे फक्त वॉचमन असलेल्या बंद पार्किंगमध्येच करा.

जुनी बॅटरी दुकानातच द्या, भंगारवाल्याला नको. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत ती परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, दुकानदार ती घेतो आणि नवीनच्या किमतीतून पैसे वजा करतो, वजनावर ठरतं, आणि एजीएम जड असते त्यामुळे तिला भाव बरा येतो, बिलावर ती रक्कम वेगळी लिहून घ्या. फक्त द्यायच्या आधी तो नळीचा कोपरा काढलात ना ते एकदा बघा.